४० हजारांत डेस्कटॉप : तयार घ्यावा की पार्ट घेऊन जुळवावा? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. शिक्षणासाठी आमच्याकडेच इंदिरानगरला राहते. पहिलं सेमिस्टर कॉलेजच्या लॅबवर निभावलं, आता घरी मशीन हवंच. लॅपटॉप की डेस्कटॉप ही चर्चा घरात होऊन गेली आहे. तिला मोठ्या स्क्रीनवर बसून काम करायचंय आणि त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, त्यामुळे तो विषय मिटलाय.

बजेट मॉनिटरसकट ४० हजार, फार ताणलं तर ४३-४४. समोर तीन पर्याय आहेत.

पहिला, ऑनलाइन दिसलेला पूर्ण सेट : "कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २२ इंची मॉनिटर", २३ हजार. दुसरा, एम. जी. रोडच्या दुकानातला ब्रँडेड टॉवर : १२व्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, विंडोज ११, वर्षभर घरी येऊन सर्व्हिस. मॉनिटर सोडून ३६ हजार. तिसरा, कॅनडा कॉर्नरला असेंबल करून देणाऱ्याचं कोटेशन : रायझन ५ ५६००जी (एएमडीचा प्रोसेसर), मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, "कॅबिनेट विथ एसएमपीएस" (म्हणजे पेटी आणि आतला वीज पुरवणारा भाग), २२ इंची मॉनिटर, एकूण ४२ हजार.

पहिला इतका स्वस्त कसा, आणि तिसऱ्यात मला कळत नाही असं काय दडलंय, हे जाणकारांनी सांगावं. भाची म्हणते पार्ट घेऊन स्वतः जुळवू. तिचा उत्साह मला मोडायचा नाही.

सोल्डरगन

पहिला पर्याय डोक्यातून काढून टाका. हे सेट माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात, म्हणून ठामपणे सांगतो.

नुसतं "आय७" म्हटल्यानं काहीच कळत नाही. आय७-२६०० हा प्रोसेसर २०११ चा, आय७-३७७० हा २०१२ चा. या स्वस्त सेटमध्ये साधारणपणे यांच्यातलाच एखादा असतो, जुन्या मशीनमधून काढलेला. त्याच्याखाली बिननावाचा एच६१ बोर्ड, त्यात डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम. प्रोसेसर जुना असला तरी सहसा जात नाही, जातो तो बोर्ड. आणि गेल्यावर त्या सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा) नवा चांगला बोर्ड बाजारात मिळत नाही, पुन्हा तसलाच बिननावाचा घ्यावा लागतो.

मॉडेल नंबर कसा वाचायचा ते भाचीलाही दाखवा. इंटेलच्या या मालिकांत नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी : २६०० दुसरी, ३७७० तिसरी, ८५०० आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन : १२१०० बारावी. आता गंमत बघा. आय७-२६०० मध्ये चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आय३-१२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेड. पण दोघांमध्ये दहा वर्षांहून जास्त अंतर आहे आणि वेगाच्या बाबतीत तो "साधा" आय३ या आय७ ला खूप मागे टाकतो, तेही कमी विजेत.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, नाहीतर रायझन २००० मालिका किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत घेता येते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीला हे मशीन पहिल्याच वर्षी अपुरं.

"४ जीबी ग्राफिक्स" हे बहुतेक जीटी ७३० असतं. ते २०१४ चं. आजच्या बऱ्याच प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा बरं आहे.

सातपूरकर

सोल्डरगन यांच्याशी सहमत. पण जुनं म्हणजे वाईट असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून चौथा पर्याय मांडतो.

मी सातपूरला एका कारखान्याची सिस्टीम सांभाळतो. मोठ्या कंपन्या डेस्कटॉप तीन-पाच वर्षांच्या लीजवर घेतात, मुदत संपली की ते लॉटमध्ये बाहेर येतात आणि साफ करून विकले जातात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेलं मशीन घेतलं तर सहा कोअर, डीडीआर४ रॅम, टीपीएम, आणि विंडोजचं लायसन्स बोर्डाच्या बायोसमध्येच (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर). त्याच मशीनवर विंडोज नव्यानं टाकलं तरी इंटरनेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. मला हल्ली जे भाव कळलेत ते १५ ते १८ हजारांच्या घरात आहेत, रॅम किती त्यावर थोडं इकडं-तिकडं. त्यावर नवा चांगला मॉनिटर आणि यूपीएस घेऊनही तुमच्याकडे दहा-एक हजार उरतील.

मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. ऑप्टिप्लेक्स ७०१० नावाचं मशीन डेलनं २०१२ मध्ये काढलं होतं, तिसऱ्या पिढीचं, आणि २०२३ मध्ये तेच नाव पुन्हा १३व्या पिढीच्या मशीनला दिलं. नुसत्या नावावर पैसे देऊ नका. मशीनमागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की ते मूळ कधी आणि कोणत्या पार्टसह निघालं ते दिसतं. दुकानातच मशीन चालू करून बायोसमध्ये जाऊन बघा. पासवर्ड विचारला तर ते मशीन घेऊ नका. एसएसडी किती तास चालली आहे तेही बघा, नाहीतर एसएसडी नवीच टाकून मागा.

आणि एक मोठी मर्यादा. ही मशीन तीन आकारांत येतात : उभा टॉवर, बारीक डेस्कटॉप आणि पुस्तकाएवढा डबा. अनेक मॉडेलमध्ये एसएमपीएस कंपनीच्या खास पिनांचा असतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही. पुढच्या पॅनेलच्या वायरीही तशाच. बारीक डेस्कटॉपमध्ये स्लॉटमधून मिळते तेवढ्याच, म्हणजे ७५ वॅटपर्यंतच्या विजेवर चालणारं आणि कमी उंचीचंच कार्ड बसतं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटमध्ये चालतं, त्याची बुटकी आवृत्तीही मिळते. त्यापुढे दार बंद. छोट्या डब्यात तर कार्डाला जागाच नाही आणि रॅमही लॅपटॉपची लागते. पुढे मोठं कार्ड लावायचं असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

अक्षरजुळणी

मी वेगळं मत मांडते. पंचवटीत माझं डीटीपीचं काम आहे, पत्रिका, अहवाल, पुस्तकं. लग्नसराईत मशीन एक दिवस बंद पडलं तर पत्रिका वेळेवर जात नाहीत आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं. म्हणून मी ब्रँडेडच घेते आणि घरी येऊन सर्व्हिसची मुदत पैसे भरून तीन वर्षांची करून घेते. फोन केला की माणूस पार्ट घेऊन येतो. असेंबल मशीनमध्ये बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, प्रत्येकाचं सर्व्हिस सेंटर वेगळं. काहींची नाशिकला सोय असते, काहींचा पार्ट मुंबईला जातो आणि तो परत येईपर्यंत तुम्ही हात बांधून बसायचं. आणि मुळात कुठला पार्ट गेलाय हे आधी तुम्हालाच शोधावं लागतं.

शिवाय ब्रँडेडमध्ये विंडोज अस्सल असतं. असेंबलच्या कोटेशनमध्ये विंडोजची ओळच नसते हे गोदाकाठ यांच्या लक्षात आलं का? बऱ्याचदा तिथं क्रॅक, म्हणजे लायसन्स नसलेलं चोरीचं विंडोज, टाकून देतात. मुलीच्या मशीनवर, जिथं ती उद्या बँकेचं अ‍ॅप आणि कॉलेजचं खातं उघडणार, तिथं क्रॅक मला अजिबात चालणार नाही.

ज्याला काम अडवून चालत नाही त्यानं तयारच घ्यावं.

सोल्डरगन

ताई, तुमच्या कामाला तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण पार्टनिहाय वॉरंटीची दुसरी बाजूही सांगतो. ब्रँडेडची मूळ वॉरंटी सगळ्याची मिळून एक वर्ष. डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या बोर्डाला तीन, एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला त्याहून जास्तही मिळतात. रॅमची तर अनेक कंपन्यांची वॉरंटी आयुष्यभराची. फक्त त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं आणि बिलावर प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सिरीयल नंबर हवा. "कॉम्प्युटर सेट, १ नग" असं बिल आणलंत तर या वॉरंट्या कागदावरच राहतात.

आता कोटेशनमधल्या त्या शब्दांकडे येतो : "कॅबिनेट विथ एसएमपीएस". तुम्ही विचारलंत ना काय दडलंय, ते इथं दडलंय. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. बाजूचा स्टिकर वाचा. त्यावर एक तक्ता असतो, +३.३, +५, +१२ असे रकाने आणि खाली अँपिअर. आजचं मशीन जवळजवळ सगळं +१२ वर चालतं. त्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. हा झाला तुमचा खरा "४५० वॅट". ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्यामुळे कार्ड नसेल तर तेवढ्यावरही मशीन सुरू होईल. प्रश्न सुरू होण्याचा नाही. स्वस्त एसएमपीएसमध्ये जास्त व्होल्टेज अडवणारं संरक्षण नावापुरतं असतं किंवा नसतंच, आणि तो जाताना बोर्ड आणि एसएसडी घेऊन जातो. एसएसडी म्हणजे मुलीची प्रोजेक्टं.

एसएमपीएस वेगळा घ्या, नावाजलेल्या कंपनीचा, ४५० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र). हातात घेऊनही फरक कळतो, चांगला जड लागतो. याच्यासाठी जास्तीचे दोन-अडीच हजार लागले तरी द्या, हवं तर कॅबिनेट साधं घ्या. कॅबिनेटमधल्या रंगीत पंख्यांपायी एसएमपीएसवर काटकसर केलेली मशीन मी रोज बघतो आणि वाईट वाटतं.

सेमिस्टर४

मी स्वतः सिडकोत राहतो, दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरच. भाचीताईला नेमकं काय लागेल ते सांगतो.

सी, पायथन, जावा, डेटाबेस याला काहीही चालतं. खरी गरज पुढे लागते : अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट (कॉम्प्युटरवरच चालणारा नकली फोन), व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन) लिनक्स, मागे ब्राउझरचे टॅब. तिथं ८ जीबी रॅम गुदमरते, १६ हवीच. मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्ड लागेल म्हणून घाबरू नका. शिकण्यापुरतं गुगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गुगलचं मशीन वापरायची सोय) फुकट होतं, आमच्या वर्गातले बहुतेक तेच वापरतात. नंतर खरंच लागलं तर एनव्हिडियाचं घ्यावं, कारण कुडा (कार्डावर असली गणितं करून घेणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) त्याच्यावरच चालतं. आणि विंडोजसाठी लगेच पैसे नसतील तर क्रॅकपेक्षा उबुंटू २४.०४ हे फुकटचं लिनक्स टाका, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि आमचं प्रोग्रामिंगचं सगळं काम त्यावर होतं. अक्षरजुळणी ताईंसारखं श्रीलिपीवरचं (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) काम किंवा टॅली असेल तर मात्र विंडोजच हवं.

दुसरं, रॅमचे भाव. २०२५ च्या शेवटापासून ते प्रचंड वाढलेत. रॅम बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे वळल्यात. डीडीआर४ चं उत्पादन तर आधीच आवरतं घेत होते. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा परिणाम सरळ तुमच्या कोटेशनवर आहे. पूर्वी असेंबल हमखास स्वस्त पडायचं, आता तसं डोळे मिटून म्हणता येत नाही. तयार मशीन जुन्या स्टॉकमधलं असेल तर त्यात जुन्या भावाची रॅम असते. म्हणूनच सातपूरकर काकांचा पर्याय सध्या फार चांगला झालाय, १६ जीबी डीडीआर४ आत असलेलं मशीन मिळालं तर विशेष.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणायचा विचार असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून जाऊन येता येतं, पण या बजेटमध्ये त्याचा उपयोग नाही. वाचलेले पैसे जाण्यायेण्यात जातात आणि पार्ट बिघडला की तो बदलायला पुन्हा मुंबईच. नाशिकच्या दुकानात दोन-पाचशे जास्त गेले तरी समोरचा माणूस ओळखीचा होतो.

सातपूरकर

रॅमबद्दल एक भर. ब्रँडेड स्वस्त मशीनमध्ये ८ जीबीची एकच कांडी असते आणि दुसरा स्लॉट रिकामा. डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२. ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आत आहे त्याला वेगळी मेमरी नसते, तो याच रॅममधून ओढतो. ५६००जीला एक कांडी लावणं म्हणजे त्याचं ग्राफिक्स अर्ध्यावर आणून ठेवणं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी भाचीला घेऊन कॅनडा कॉर्नरच्या त्याच दुकानात गेलो. तिनं कोटेशनमधली एकेक ओळ वाचून विचारलं, बोर्ड कुठला, रॅम एक की दोन, एसएमपीएसचा स्टिकर दाखवा. दुकानदार आधी जरा नाराज झाले, मग खुर्ची ओढून नीट बसून बोलले. स्टिकर निघाला, +१२ च्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॅट, वर लिहिलेले ५००. त्यांनीच मग म्हटलं, वेगळा घ्या, मी कॅबिनेटचे पैसे कमी करतो.

आता नवं कोटेशन असं : ५६००जी डबाबंद, बी४५० बोर्ड, ८-८ च्या दोन कांड्या, ५१२ एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), साधं जाळीचं कॅबिनेट, ४५० वॅट ब्राँझ एसएमपीएस, २२ इंची मॉनिटर, ४४,२००. बिलावर सगळे सिरीयल नंबर लिहून देणार. विंडोज नाही, उबुंटूनं सुरुवात करू. जुळवणी भाची त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या माणसासमोर करणार, त्याला ते तयार आहेत.

आठव्या पिढीचं जुनं मशीनही बघितलं, १७ हजारांना. खरं सांगायचं तर पैशाच्या हिशेबानं तेच शहाणपणाचं दिसतं आणि माझं मन तिकडं झुकतंय. पण तिला पुढे कार्ड लावायचंय आणि मिळालं ते बारीक डेस्कटॉपच, टॉवर नव्हता. आज दोन्ही बाजू सारख्याच वाटतायत. दोन प्रश्न उरलेत. बी४५० हा जुना बोर्ड म्हणून काही धोका? आणि रस्ते सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे खोदलेले आहेत, आमच्याकडे धूळही फार आणि लाइटही जाते, त्यासाठी काय करावं?

सेमिस्टर४

बी४५० ला दोन गोष्टी विचारा. ५६००जी २०२१ चा, बोर्ड त्याच्या आधीचा, त्यामुळे बायोस नवा टाकलेला आहे का. नसेल तर पहिल्यांदा डिस्प्लेच येणार नाही. आणि रॅमचे स्लॉट दोन की चार. त्याच किमतीत बी५५० मिळत असेल तर तो घ्या, प्रोसेसर पीसीआयई ३ या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचा असल्यानं एनव्हीएमईचा वेग त्यानं वाढणार नाही, पण बोर्ड सहसा दणकट असतात. या बोर्डांच्या एएम४ सॉकेटवर पुढे आठ कोअरचा प्रोसेसरही बसतो, तेवढी वाट मोकळी राहते.

माझं मत विचाराल तर, ताईला स्वतः जुळवायचंय आणि कार्ड लावायचंय, तर ४४ चं घ्या. फक्त प्रोग्रामिंगच करायचं असतं तर मी १७ वालं सांगितलं असतं.

सोल्डरगन

मीही तेच म्हणेन. आता लाइट आणि धूळ.

मशीन घ्यायच्या आधी घरचं अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे मशीन आणतात, आणि मशीनमध्ये काहीच दोष नसतो. एसएमपीएसच्या आत शिरतानाच फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ वीज जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी कमी म्हणून माणसाला इजा होत नाही, पण एचडीएमआयची किंवा यूएसबीची वायर चालू मशीनला जोडताना पोर्ट जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आणि तीन पिनांची प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये घालू नका.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे, तो साधारण ३६० वॅटचा असतो. काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ मिळतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. दुकानातच तुमचं मशीन यूपीएसवर लावून मेन बंद करून बघा, कारण काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर ओबडधोबड लाटेची वीज देतात आणि तिच्यावर चांगले एसएमपीएस बंद पडतात. तसं झालं तर तिथंच यूपीएस बदलून घ्या.

धुळीसाठी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा स्टुलावर ठेवा आणि पुढच्या जाळीला फिल्टर आहे का बघा. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पण पंखा बोटानं धरून. हवेनं तो सुसाट फिरला की बेअरिंग जातं. आणि जुळवणी करताना भाचीला सांगा, बोर्ड बसवण्याआधी मागची पोर्टांची पत्री पट्टी कॅबिनेटला लावायची, ती बोर्डाला जोडलेली नसेल तर. नाहीतर सगळं बसल्यावर पुन्हा खोलावं लागतं.

अक्षरजुळणी

डबे आणि बिल टाकू नका, विशेषतः बोर्डाचा आणि एसएमपीएसचा डबा. बिलाचा फोटो आजच स्वतःला मेल करून ठेवा. बिलाची शाई वर्षभरात उडते आणि वॉरंटी तीन वर्षांची असते.